रॅमचा भाव ठरतो तरी कसा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाच्या बाबतीत आपल्या सगळ्यांना एक सवय लागलेली आहे. आज घ्याल ती वस्तू सहा महिन्यांनी स्वस्त होणार, नाहीतर तेवढ्याच पैशांत जास्त चांगली मिळणार. त्यामुळे मुलानं लॅपटॉपचा हट्ट धरला की घरातली जाणती माणसं सांगतात, ‘थांब जरा, भाव उतरू दे.’ २०२५च्या उत्तरार्धात ज्यांनी हा सल्ला ऐकला, त्यांना तो महागात पडला. सॅमसंगच्या ३२ जीबीच्या एका रॅमचा घाऊक भाव सप्टेंबरमध्ये १४९ डॉलर होता, तो नोव्हेंबरमध्ये २३९ डॉलरवर गेला. दोन महिन्यांत साठ टक्के! त्या वर्षी सोनंही भडकलं होतं, पण सोन्याला तेवढं चढायला अख्खं वर्ष लागलं. आणि गंमत अशी, की या भाववाढीमागे ना कुठला भूकंप होता, ना कुठल्या कारखान्याची आग.

मग भाव वाढला कशानं?

सगळ्या चिप एका माळेचे मणी नसतात, हे आधी सांगायला हवं. संगणकाचा मेंदू म्हणतो तो प्रोसेसर इंटेलचा असेल, तर त्या जागी दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. त्यामुळे त्याची किंमत कंपनी बरीचशी आपल्या मर्जीनं ठरवते. मेमरी चिपचं, म्हणजे जिच्यापासून रॅम बनते त्या डीरॅम चिपचं, तसं नाही. तिचं माप, तिची जोडणी, तिचा वेग हे सगळं उद्योगानं एकत्र बसून ठरवून ठेवलेलं आहे. त्या मापाची सॅमसंगची रॅम काढून मायक्रॉनची लावली, तरी संगणकाचं काही अडत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा जिन्नस झाला. गहू, कापूस, तांबं यांच्या पंगतीतला. आणि जिन्नस म्हटला की त्याला कंपनीचं नाव तारत नाही, त्याला बाजारभाव असतो.

हा भावही दोन तऱ्हांचा. संगणक आणि मोबाइल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या महिन्या-तिमाहीचे करार करून माल उचलतात. उरलेला माल खुल्या बाजारात जातो आणि तिथे भाव रोज हलतो. खुल्या बाजारात विकला जाणारा माल एकूण मालाच्या मानानं थोडा, पण पुढच्या कराराची बोलणी करताना दोन्ही बाजूंची नजर त्याच आकड्यावर असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रॅम घ्यायला गेलात आणि दुकानदारानं ‘आजचा भाव’ असा शब्द वापरला, तर तो तुम्हाला फसवतो आहे असं समजू नका. भाव खरोखरच आजचा असतो.

आता हा भाव एवढा उड्या का मारतो? त्यासाठी फार लांब जायला नको, लासलगावच्या कांदा बाजाराकडे पाहिलं तरी पुरे. भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. सगळ्यांचा कांदा एकदमच बाजारात उतरतो आणि भाव कोसळतो. कोसळला की लागवड घटते आणि पुन्हा भडका. लावणी आजच्या भावाकडे पाहून आणि विक्री उद्याच्या भावानं, या मधल्या अंतरात सगळी मेख आहे. कांद्यात हे अंतर काही महिन्यांचं असतं. चिपमध्ये ते दोन-तीन वर्षांचं असतं. इमारत उभी राहायची, धुळीचा कण नसलेली दालनं तयार व्हायची, यंत्रं यायची, बसायची. एवढं झाल्यावरही सिलिकॉनची चकती, जिला वेफर म्हणतात, ती शेकडो प्रक्रियांतून पार पडून बाहेर यायला तीनेक महिने लागतात. सुरुवातीला तिच्यातल्या कितीतरी चिप निकामी निघतात. साखर कारखान्यात जसा उतारा पाहतात तसा इथे चांगल्या चिपचा उतारा पाहतात, आणि तो वाढवण्यातच कारखान्याचं कसब असतं.

पैशाचं मान सांगायचं तर, गुजरातेत धोलेरा इथे टाटा समूह आणि तैवानची पॉवरचिप कंपनी उभारत असलेल्या कारखान्याचा अंदाजित खर्च ९१,००० कोटी रुपये आहे. तो कारखाना काही सर्वांत पुढारलेल्या तंत्राचा नव्हे. अद्ययावत मेमरी कारखान्याला याहूनही जास्त लागतात. हा खर्च एकदा झाला की झाला. त्यानंतर एकेक चिप बनवायला लागणारा माल, वीज, पाणी, मजुरी त्या मानानं किरकोळ. म्हणून भाव पडला तरी कारखाना थांबत नाही. शेतकरी निदान उभ्या पिकावर नांगर फिरवून तोडणी-वाहतुकीचा खर्च वाचवतो; इथे यंत्रं बंद ठेवली तरी घसारा आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. मग तोट्यात का होईना, विकत राहायचं. बरं, माल ठेवून द्यावा म्हटलं, तर चिप सडत नसली तरी शिळी होते. वर्ष-दोन वर्षांत पुढची पिढी येते.

घेणाऱ्याच्या बाजूनंही असाच ताठरपणा असतो. संगणक बनवणाऱ्याला रॅम हवीच. तिच्यावाचून बाकीचे सगळे भाग नुसते पडून राहतात. त्यामुळे चार टक्के माल कमी पडला, तर भाव चार टक्क्यांनी वाढत नाही, तो दुपटीकडे धावतो. चार टक्के जास्त झाला की तसाच खड्ड्यात जातो. बनवण्याचा खर्च दोन्ही वेळा जवळजवळ तोच असतो.

या खेळात कोण कोण कसं सापडलं, त्याचा इतिहास मोठा वाचनीय आहे. इंटेल ही कंपनी १९६८ साली स्थापन झाली ती मुळात मेमरी बनवण्यासाठी, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. १९७० साली तिनं बाजारात आणलेली ११०३ नावाची डीरॅम चिप खूप गाजली. पण पुढच्या दशकात एनईसी, हिताची, तोशिबा, फुजित्सू अशा जपानी कंपन्यांनी प्रचंड कारखाने उभे केले. १९८५ साली मागणी मंदावली आणि भाव असे कोसळले, की इंटेलनं डीरॅमचा धंदाच सोडला. मेमरी सोडणं म्हणजे कंपनीची ओळख सोडणं असं आतल्या माणसांना कसं वाटत होतं, ते अँडी ग्रोव्ह यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. इंटेल प्रोसेसरवर जगली आणि मोठी झाली, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकी सरकारनं मात्र भावातच हात घातला. १९८६ साली जपानशी करार झाला, की जपानी कंपन्यांनी ठरलेल्या किमतीखाली चिप विकायची नाही. १९८७ साली करार पाळला जात नाही म्हणून अमेरिकेनं ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के जकात लावली. परिणाम काय झाला? जपानी कंपन्यांनी उत्पादन आवरतं घेतलं, १९८८ साली टंचाई आली, भाव चढले, आणि ज्यांना वेसण घालायची त्याच कंपन्यांच्या तिजोऱ्या भरल्या. पैसे गेले ते अमेरिकेतल्या संगणक बनवणाऱ्यांचे. आणखी एक पाहुणा या पंगतीला अनाहूत येऊन जेवून गेला. सॅमसंगनं १९८३ साली मेमरीत उडी घेतली होती आणि पहिली काही वर्षं तोटा सोसला होता. १९८८च्या तेजीनं तो तोटा भरून निघाला. किमतीला सरकारी टेकू लावला की त्याची सावली कुणावर पडेल हे सांगता येत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

भीतीनं भाव कसा चढतो, त्याची एक कहाणी फार बोलकी आहे. ४ जुलै १९९३ रोजी जपानच्या शिकोकू बेटावरील निइहामा गावात सुमितोमो केमिकल कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिप बनत नव्हती. तिथे बनत होतं ते चिपवर जे काळं प्लास्टिकसारखं वेष्टन असतं, त्यासाठी लागणारं इपॉक्सी राळ. पण त्या दर्जाच्या राळेचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा या एका कारखान्यातून होत होता. बातमी पसरली आणि काही आठवड्यांत खुल्या बाजारात मेमरीचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्षात चिप बनवणाऱ्यांकडे राळेचा साठा होता, दुसऱ्या कारखान्यांनी उत्पादन वाढवलं, आणि चिपचं उत्पादन फारसं अडलंच नाही. टंचाई बाजारात येण्याआधी मनात आली होती. ज्यांनी घाबरून गरजेपेक्षा जास्त माल उचलला, त्यांनीच ती खरी करून दाखवली.

तैवानात २१ सप्टेंबर १९९९ रोजी मोठा भूकंप झाला तेव्हाही असाच भडका उडाला. आणि उलट दिशेनं, १९९६ साली नव्या कारखान्यांचा माल एकदम बाजारात आला तेव्हा वर्षभरात भाव जवळजवळ एक चतुर्थांशावर आला. दक्षिण कोरियाच्या निर्यातीत मेमरीचा वाटा मोठा. दुसऱ्या वर्षी त्या देशावर जे आर्थिक संकट कोसळलं, त्याच्या अनेक कारणांत हेही एक होतं.

अशा प्रत्येक पडझडीत काही कंपन्या गारद होत गेल्या. १९९०च्या दशकात डीरॅम बनवणाऱ्या वीसेक कंपन्या होत्या. जर्मनीच्या क्विमोंडा कंपनीनं जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एनईसी आणि हिताची यांचे मेमरी विभाग एकत्र करून उभी राहिलेली जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये बुडाली. सरकारी मदत मिळूनही बुडाली. ती अमेरिकेच्या मायक्रॉननं विकत घेतली. सॅमसंगची रीत अशी, की मंदीत बाकीचे हात आखडत असताना आपण कारखाने बांधायचे. खिसा खोल असेल तर हे जमतं. शेवटी उरल्या तीन कंपन्या: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. नव्वद टक्क्यांहून अधिक डीरॅम या तिघींची झाली.

कांद्याची उपमा इथे संपते. लासलगावात विकणारे हजारो, त्यातल्या एकाच्याही हाती भाव नाही. इथे विकणारे तिघे. विकणारे थोडे असले की मोह होतोच. अमेरिकेच्या न्याय खात्यानं १९९९ ते २००२ या काळात मेमरी कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवल्याचं उघडकीस आणलं. इन्फिनिऑननं १६ कोटी, हायनिक्सनं साडेअठरा कोटी, सॅमसंगनं ३० कोटी आणि एल्पिडानं ८ कोटी ४० लाख डॉलर दंड भरला. काही अधिकारी तुरुंगातही गेले. मायक्रॉननं तपासाला सहकार्य केलं म्हणून ती दंडातून सुटली. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या ग्राहकांनी पुन्हा तसाच दावा लावला, पण तो न्यायालयात टिकला नाही. तिघांनी एकाच सुमारास उत्पादन आवरलं, एवढ्यानं संगनमत सिद्ध होत नाही, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. कायद्यानं ते बरोबरच आहे. व्यवहारात मात्र तीन दुकानांच्या गल्लीत एकमेकांच्या मनातलं ओळखायला बैठक घ्यावी लागत नाही, हे आपण कोपऱ्यावरही पाहतो.

मधल्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ साली, जी टंचाई आपण सगळ्यांनी अनुभवली ती थोडी निराळी होती. ती मुख्यतः मेमरीची नव्हे, तर मोटारीत लागणाऱ्या साध्या, स्वस्त चिपची. टाळेबंदीत गाड्या विकल्या जाणार नाहीत म्हणून मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. रिकामी झालेली जागा लॅपटॉप आणि मोबाइलवाल्यांनी घेतली. गाड्यांना गिऱ्हाईक परत आलं तेव्हा मोटार कंपन्या रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. भरीस भर म्हणून मार्च २०२१ मध्ये जपानात रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीचं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल असं कंपनीनं जाहीर केलं होतं. आपल्याकडेही गाडीसाठी महिनोन् महिने थांबलेल्यांना ती प्रतीक्षा यादी आठवत असेल. लाखांची गाडी, आणि अडली ती शे-दोनशे रुपयांच्या चिपपायी. जो तो मग तीन-तीन ठिकाणी मागणी नोंदवू लागला, म्हणजे जिथे मिळेल तिथून घेऊ. त्यामुळे खरी मागणी किती, हेच कुणाला कळेना.

त्या फुगलेल्या मागणीवर विसंबून मेमरीचाही माल बनत राहिला, आणि २०२३ साली पुन्हा खड्डा. एका सॅमसंगच्या चिप विभागाला त्या वर्षी जवळजवळ १५ लाख कोटी वॉन, म्हणजे सुमारे ९० हजार कोटी रुपये तोटा झाला. मघाशी धोलेराच्या कारखान्याचा आकडा सांगितला, तो आठवून पाहा. एक अख्खा कारखाना एका वर्षाच्या तोट्यात गेला! साहजिकच तिन्ही कंपन्यांनी उत्पादन घटवलं आणि नवे कारखाने लांबणीवर टाकले.

आता २०२५कडे येऊ. उत्पादन आवरलेलं असताना कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. त्या महाकाय संगणकांना एक खास जातीची मेमरी लागते, चिपवर चिप रचून केलेली, एचबीएम नावाची. मायक्रॉननंच दिलेल्या हिशेबानुसार, तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा तिला सुमारे तिप्पट वेफर लागतात. नफाही तिच्यात जास्त. म्हणजे एका एचबीएमसाठी साध्या रॅमचे तीन घास जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीनं सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक बोलणी जाहीर केली, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. एवढी मागणी प्रत्यक्षात येईल की नाही हा पुढचा प्रश्न. निइहामाच्या राळेसारखाच आकडा ऐकूनही बाजार हलतो. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं ‘क्रुशियल’ या नावानं सामान्य ग्राहकाला रॅम विकण्याचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानातल्या गिऱ्हाइकाला याहून स्पष्ट निरोप कोणता देणार!

एक उलटाच प्रकारही त्या वर्षी दिसला. डीडीआर-४ या जुन्या पिढीच्या चिप बंद करण्याचं कंपन्यांनी ठरवलं. जुने संगणक चालवणाऱ्यांनी आणि कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्यांनी धास्तीनं साठा केला, आणि २०२५च्या जूनमध्ये खुल्या बाजारात जुनी चिप नव्या डीडीआर-५ चिपपेक्षा महाग झाली. ‘जुनं ते स्वस्त’ हा आपला ठोकताळा मेमरीला लागू पडत नाही.

भारतात कारखाने येत आहेत, मग रॅम स्वस्त होईल का, असं पुष्कळजण विचारतात. गुजरातेत साणंद इथे मायक्रॉनचा प्रकल्प २०२३ साली जाहीर झाला. तिथे परदेशात बनलेले वेफर आणून त्यांची कापणी, जोडणी आणि तपासणी होते. वेफर तिथे बनत नाहीत. धोलेराचा कारखाना वेफरचा, पण तो मेमरीचा नव्हे. दोन्हींमुळे रोजगार मिळेल, हाताला कसब येईल, आणि ते थोडं नाही. पण रॅमचा भाव जिथे ठरतो ती जागा कोरिया आणि तैवानच्या व्यापारात आहे, ती साणंदला हललेली नाही. खरी काळजी निराळी आहे. सरकारी साहाय्यानं उभा राहणारा कारखाना तेजीत मंजूर होतो आणि मंदीत उद्घाटनाला येतो, असं या धंद्यात अनेकदा घडलेलं आहे. पहिल्या खड्ड्यात त्याला कोण आणि किती वर्षं धरून ठेवणार, हे आधी ठरलेलं बरं.

पुढचा माल कधी येणार, हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण कारखाने लपवून बांधता येत नाहीत. एसके हायनिक्सचा योंगिनचा आणि मायक्रॉनचा आयडाहोमधला नवा कारखाना २०२७ साली सुरू करण्याचं जाहीर झालं आहे. सॅमसंगनं प्योंगतेकमधल्या पाचव्या कारखान्यासाठी २०२८ साल सांगितलं आहे. चीनच्या हफेई शहरातली सीएक्सएमटी ही चौथी कंपनीही हातपाय पसरते आहे. हे सगळे एकाच सुमारास बाजारात उतरले तर काय होतं, ते १९९६ साली कोरियानं पाहिलेलं आहे.

तोवर ज्याला लॅपटॉप हवाच आहे, त्यानं काय करावं? अभ्यासासाठी, कामासाठी लागत असेल तर सहा महिन्यांत भाव उतरेल या आशेवर थांबू नये. चिपचे सहा महिने वर्षांत मोजायचे असतात. घेताना दुकानदाराला एवढंच विचारावं, की रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली आहे की वेगळ्या खाचेत बसवलेली आहे. खाचेत असेल तर आज कमी रॅमवर भागवून पुढे भाव उतरल्यावर ती वाढवता येते. बोर्डावरच जोडलेली असेल तर जेवढी लागेल तेवढी आजच्याच भावानं घ्यावी लागेल.